अंगणातला बंब

गोरवा, बडोदे
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय नीरा,

मायन्यात 'चि. सौ.' लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला. इतक्या वर्षांची सवय, पेनाला काय कळतंय? तेव्हा आता नुसतं 'प्रिय'. वसतिगृहातल्या मैत्रिणींसारखं वाटतं जरा, पण चालेल.

फोन सोडून पत्र का, तर माझे कान. यंत्र बसवल्यापासून फोनवर तुझा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा येतो, आणि मी सगळ्याला "हो हो, छान छान" म्हणत राहते. मागच्या वेळी तू पाठदुखीचं सांगत होतीस आणि मी "वा, मस्त" म्हणाले, असं यशश्रीने नंतर सांगितलं. म्हणून मी कागदावर लिहीन, सूनबाई त्याचा फोटो काढून तुला पाठवील. तूही तसंच कर. यशश्री म्हणते, "आई, मी वाचत नाही हं." ती गुजराती शाळेतली, मराठी अक्षर लावून वाचायचं तर एका पत्राला एक दुपार लागेल, म्हणून मीही विश्वास ठेवते.

गुरुवारी भाऊबीज झाली. भाऊ नसेल तिने चंद्राला ओवाळावं, हे लहानपणी ऐकलं होतं. ताट घेऊन गच्चीवर गेले. द्वितीयेची कोर, तीही समोरच्या पाण्याच्या टाकीआड. ओवाळलं आणि म्हटलं, ओवाळणी विसरलास तरी चालेल बाबा, आमचा सुभाषही दर वर्षी विसरायचा. मग खाली येऊन खूप रडले. आईचं रडणं बघवेना म्हणून पीयूष गॅलरीत उगाच झाडांना पाणी घालत उभा राहिला.

दसऱ्यानंतर मेतकूट दळून आणलं, ते नेहमीच्या मापाने. डबे भरून झाल्यावर लक्षात आलं, की सुभाषचाही भरला. तो तसाच फडताळात आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या अंगणातला तो बंब यंदा कोण पेटवणार? मी अमेरिकेला आले होते तेव्हा उन्हाळा होता, मी त्याच्या टपावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यामुळे त्याचा प्रताप मला माहीत नाही. पण सुभाष सांगायचा, तायडे, आपल्या नागरवाड्यातल्या बंबाचाच हा थोरला भाऊ. मध्ये जाळ, भोवती पाणी. नागरवाड्यातला तो बंब लहानपणी आम्ही दोघं पेटवायचो, आठ माणसांच्या आंघोळीचं पाणी. आईचा एकच नियम होता: आधी ओत, मग घे. एक बादली गार पाणी ओतल्याशिवाय कढत पाण्याच्या तोटीला हात लावायचा नाही. नाहीतर बंब कोरडा पडतो, सांधे सुटतात आणि मागच्याला गार पाणी.

तू एकटी, गुडघे तसले, आणि बर्फ. खोली तयार आहे. होळीपर्यंत तरी ये.

तुझी
वन्सं


व्हरमाँट
९ नोव्हेंबर २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न.

तुमचं पत्र पाहून आधी दचकलेच. तुमचं अक्षर थेट ह्यांचं आहे. तोच पोट सुटलेला 'ळ', तेच शेपटी उडवलेले आकडे. एका पाटीवर शिकलात म्हणून असेल. फोनच्या पडद्यावर बोटांनी मोठं करून नुसते आकडेच बघत बसले होते.

बंब मीच पेटवते. इतकी वर्षं ह्यांनी हात लावू दिला नव्हता. "तू भात लाव, मी जाळ लावतो." आता भातही मी आणि जाळही मी. ऐका, म्हणजे तुमची काळजी मिटेल. घरापासून पन्नास पावलांवर ती पत्र्याची खोली, तुम्ही कुरडयांचं अंगण केलेली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा जायचं. दार उघडताना तोंड बाजूला ठेवायचं. निखारे पुढे ओढायचे, ओंडके मागे ढकलायचे, दार लावायचं. भोवतीचं पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून घरात येतं. घराला आंघोळ घालायची, एवढंच.

लाकडांचीही काळजी नको. एप्रिलमध्ये ह्यांनी ह्या हिवाळ्यासाठी फोडून रचली होती, आणि जूनमध्ये गेले. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खडूने मराठीत आकडे: २५-२६. सोबत फोटो आहे. मागे रास दिसते ना, निळी ताडपत्री बांधलेली? मी स्वेटर ह्यांचा घातलाय, तो थंडी वाजते म्हणून नव्हे, उगाच.

क्षितिज म्हणतो, आई, ते सगळं काढून टाकू, गॅसवर करू, नाहीतर कॅलिफोर्नियात माझ्याकडे ये. तुम्ही म्हणता बडोद्याला या. सगळ्यांचं मन मला कळतं. पण मी घर सोडत नाही. ह्यांनी शेवटची थंडी माझ्यासाठी रचून ठेवली आहे, ती टाकून कशी येऊ?

घर छान ऊबदार आहे.

तुमची
नीरा


गोरवा
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय नीरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घराला आंघोळ घालतेस हे वाचून हसले, आणि सुभाष 'मी जाळ लावतो' म्हणायचा हे वाचून जास्त हसले. ह्याच सुभाषने लहानपणी बंब पेटवताना स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या होत्या. शाळेत महिनाभर कोळशाच्या भुवया काढून गेला. तुला नक्की सांगितलं नसणार.

इकडे थंडी पडली असं म्हणायची पद्धत आहे. पंधरा डिग्री झाली की सगळं बडोदं कानटोपीत. भाजीवाली म्हणते, "बा, ठंडी बहु छे!" आणि स्वतः सुती साडीवर बसलेली. उंधियूची पापडी आली आहे. तू असतीस तर तुला निवडायला बसवलं असतं.

क्षितिजचा पीयूषला फोन आला होता. तू खोकतेस म्हणे, आणि व्हिडिओवर टोपी घालून दिसतेस. ऊबदार घरात टोपी कशाला? आणि तुझं अक्षर एवढं कापरं कधीपासून झालं? खरं सांग, झेपत नाही ना? जाळ धरत नसेल, विझत असेल, तू सांगत नसशील. आमच्या घराण्यात येऊन तू आणखी काही नाही तरी हट्ट शिकलीस. तिकीट पीयूष काढतो म्हणतो. बर्फाची काय राखण करायचीय? ते कोणी चोरून नेणार आहे का?

रागावू नकोस. मला रात्रंदिवस तू त्या पन्नास पावलांवर दिसतेस.

तुझी
वन्सं


व्हरमाँट
२२ डिसेंबर २०२५

ती. वन्सं,

रागावले आहे. तुम्ही आणि क्षितिज मिळून माझी सभा भरवता, हे मला आवडलं नाही. झेपत नाही असं कोण म्हणालं? जाळ एकदाही विझलेला नाही. बडोद्यात शाल पांघरून बसायचं आणि इकडच्या बंबाचं मला शिकवायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे.

अक्षर कापतं ते हातमोज्यांमुळे. त्यात पेन नीट धरता येत नाही.

भुवयांचं खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही बोलले नाहीत! आणि मी त्यांच्या भुवयांवर भाळले होते.

परवा शेजारची हेलन येऊन गेली. तीही माझ्यासारखीच एकटी. तुझ्या बंबाचा धूर माझ्या खिडकीपर्यंत येतो, म्हणाली, पूर्वी कधी येत नव्हता. चिमणी जरा काळी झाली आहे, उन्हाळ्यात साफ करीन म्हटलं. ती चहा न घेताच गेली. मीही आग्रह केला नाही.

क्षितिजला पाठवलेला फोटो तुम्हालाही पाठवते. बघा, बर्फात धडधाकट उभी आहे. आता तिकिटाचं काढू नका.

नीरा


गोरवा
१५ जानेवारी २०२६

प्रिय नीरा,

काल उत्तरायण झाली. गच्चीवर पीयूष पतंगाच्या आणि यशश्री तिळाच्या चिक्कीच्या मागे. मी खुर्ची टाकून तुझे दोन फोटो बघत बसले होते. बघताना यशश्री मागे आली आणि म्हणाली, "आई, हे झूम करून बघा ने." आणि तिने तो मोठा केला.

नोव्हेंबरच्या फोटोत तुझ्यामागच्या राशीवर ताडपत्रीची दोरी आहे. तिची गाठ वरून तिसऱ्या थरापाशी. डिसेंबरच्या फोटोत वर बर्फ आहे, पण गाठ तिथेच. खाली रास तेवढीच. एक ओंडका इकडचा तिकडे नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सकाळ-संध्याकाळ बंबात लाकूड जातंय, आणि लाकडाची रास जशीच्या तशी. मग नीरा, तू जाळतेस काय?

आणि घरात हातमोजे घालून पत्र कोण लिहितं?

मी आधी तुझ्यावर चिडले. मग वाटलं, लाकडं उचलवत नसतील, म्हणून नसेल पेटवत. पण मग धूर कसला? मला काही उमगेना. पीयूषला सांगितलं नाही, क्षितिजलाही नाही. सभा नाही भरवत. तू मला एकटीला खरं लिही. सुभाष गेला तेव्हा मी इथे होते, तुझ्याजवळ येऊ शकले नाही. आता तू तिथे गारठून बसलीस आणि मला कळलंच नाही, तर मला माझं तोंड आरशात बघवणार नाही.

वन्सं


व्हरमाँट
२५ जानेवारी २०२६

ती. वन्सं,

तुमच्यापुढे लपत नाही हेच खरं.

रस्त्यापलीकडे एकजण लाकडं विकतो. ताजी तोडलेली, ओली. ती आणते आणि तीच जाळते. ओलं लाकूड पेटत नाही, फसफसतं, तोंडाशी त्याला फेस येतो, आणि धूर. पाणी कोमट होतं, तेवढंच घरात येतं. मी स्वयंपाकघर आणि निजायची खोली एवढीच वापरते. स्वेटरवर स्वेटर घालते. जाळ विझला नाही असं लिहिलं होतं, ते खोटं नाही. घर ऊबदार आहे असं लिहिलं, ते खोटं.

ह्यांची लाकडं मी जाळली नाहीत. ऑक्टोबरमध्ये पहिल्या दिवशी गेले होते. वरचा ओंडका उचलला. फोडलेल्या बाजूला कुऱ्हाडीचा घाव होता, जरा तिरपा. उजवा खांदा दुखायचा ना, म्हणून त्यांचा घाव नेहमी तिरपा पडायचा. दोन लाकडं एकमेकांवर वाजवली की टणटण वाजतात इतकी वाळली होती. तेही त्यांनीच शिकवलं होतं, माठ घेताना वाजवतो तसं. मी तो ओंडका परत ठेवला. मनात म्हटलं, उद्यापासून. मग रोज उद्यापासून.

वन्सं, त्यांचे कपडे क्षितिजने कुणाकुणाला दिले. गाडी विकली. चष्मा आहे, पण चष्मा त्यांनी केलेला नाही. ही रास त्यांनी केली. एकेक लाकूड हातात घेऊन, कोणतं कशावर बसेल ते बघून. रोज खिडकीतून बघितलं की वाटतं, माणूस आत्ताच आत गेलाय, हात धुवायला. ती जाळली की अंगणात नुसता बर्फ. आणि राख मीच काढायची, मीच टाकायची. मला ते पुन्हा एकदा नाही जमणार.

हेलन पुन्हा आली होती. ह्या वेळी ती चिमणीत डोकावली. आत डांबर साठलंय, म्हणाली, ओल्या लाकडाचं. असंच चाललं तर एक दिवस चिमणीच पेट घेईल. मग ती राशीपाशी गेली, ताडपत्री उचलली, वाळकी लाकडं बघितली, माझ्याकडे बघितलं. मला मिठी मारली आणि गेली.

काय करू, सांगा. तुम्ही सांगाल ते ऐकेन. मी फार दमले आहे.

तुमची
नीरा


गोरवा
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय नीरा, माझ्या वेड्या पोरी,

पत्र वाचल्यापासून रोज उत्तर लिहितेय आणि फाडतेय. आज फाडणार नाही.

आधी भांडते. सुभाषने ती लाकडं बघायला फोडली का? दुखत्या खांद्याने, एप्रिलच्या चिखलात उभं राहून, त्याने तुझ्यासाठी ऊब रचली. आणि तू ती ताडपत्रीखाली ठेवून त्याच्या बायकोला गारठवलंस. तो असता तर तुला केवढा ओरडला असता! आणि त्याचा लाडका बंब, त्याच्या नरड्यात तू डांबर भरलंस. त्याची रास राखायची म्हणून तू त्याचा बंब मारायला निघालीस, घर पेटवायला निघालीस. लाकडं अशी किती वर्षं राहतील? कुजतील, किडे पोखरतील. तेव्हा ना ऊब, ना रास.

भांडण संपलं. आता ऐक.

तुझं पत्र वाचून मी फडताळापाशी गेले. सुभाषच्या मेतकुटाचा डबा काढला. भाऊबीजेपासून मी त्याला हात लावला नव्हता. यशश्रीने एकदा, "आई, हे वापरायला काढू?" विचारलं तर तिच्यावर वसकन ओरडले होते. झाकण उघडलं. कडेला जाळी धरायला लागली होती. मी तिथेच खाली बसले. तुला शहाणपण कुठल्या तोंडाने शिकवणार होते? तुझी रास अंगणात, माझी फडताळात, एवढाच फरक.

चाळलं, कडेचं टाकलं, उरलेलं मंद आचेवर परतून घेतलं. मऊ भात केला, वर तूप, वर त्याचं मेतकूट. पहिला घास गिळवेना. दुसऱ्याला चव लागली. चांगलं झालंय गं यंदाचं. त्याला आवडलं असतं. यशश्रीला बोलावून तिच्या पानात वाढलं. ती जेवली आणि मग म्हणाली, "आई, मला शिकवा ने हे." मला आजवर वाटायचं, तिला असलं काही नको असतं.

तेव्हा आपल्या दोघींचं ठरलं समज. मी रोज मेतकूट खाईन, तू रोज त्याची लाकडं जाळशील. आधी चिमणी साफ करून घे, त्याशिवाय नाही. हेलनला बोलाव आणि ह्या वेळी चहाचा आग्रह कर. डबा आणि रास, जिचं आधी संपेल तिने दुसरीला कळवायचं.

आणि ते संपल्यावर काय, असं विचारशील ना? आईचा नियम आठव. आधी ओत, मग घे. तू एवढे दिवस घेत नाहीस म्हणून ओतायचंही थांबलीस. पुढच्या हिवाळ्याची लाकडं कोण रचणार? एप्रिल आला की सुभाष काय करायचा?

राख तू एकटी टाकू नकोस. थोडी पिशवीत भरून ठेव. मी सांगेन काय करायचं ते.

तुझी
वन्सं


व्हरमाँट
२२ मार्च २०२६

ती. वन्सं,

आज दुपारी खिडकी उघडावी लागली. घरात उकडायला लागलं म्हणून. बाहेर सगळा बर्फ आणि मी सुती साडीवर, तुमच्या भाजीवालीसारखी. तुम्हाला हे सगळ्यांत आधी सांगायचं होतं.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात हेलन ब्रश आणि काठ्या घेऊन आली. दोघींनी चिमणी साफ केली. आम्ही इतक्या काळ्या झालो की एकमेकींना बघून हसत सुटलो. मी हसतेय हे लक्षात आलं तेव्हा थोडं रडले. मग तिला चहा दिला, आल्याचा, आणि ती तीन कप प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडली. पहिला ओंडका, तोच तिरप्या घावाचा, हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. "आत टाकतेय हं" म्हटलं, आणि टाकला. काय पेटलं, वन्सं! धूर नाही, फसफस नाही. ह्यांच्या हातचं काम बोलतं म्हणायचे ना लोक, ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत नळांतून कढत पाणी आलं आणि सगळ्या खोल्या तापल्या. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा मी ह्यांच्या खोलीत जाऊन बसले. ती खोली ऊबदार होती. मला वाटलं होतं रास कमी होईल तसे ते कमी होतील. तसं झालं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनीच घर तापवलं.

खोकला गेला. अक्षर बघा, हातमोजे नाहीत.

रास आज संपली; खांद्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये त्यांना नेहमीच्या निम्मीच रचता आली होती. तुमच्या डब्याचं काय झालं ते कळवा. एकही ओंडका आठवण म्हणून ठेवला नाही. शेवटचा हातात होता तेव्हा वाटलं, एवढा एक ठेवावा. मग तुमचा आवाज ऐकू आला आणि तोही टाकला. थंडी अजून आहे, पण हेलनकडे वाळकी लाकडं शिल्लक आहेत. ती देते म्हणाली, पुढच्या वर्षी फेडीन.

राख पिशवीत भरली आहे. तुम्ही सांगा.

आणि एप्रिलसाठी ओंडके सांगितले आहेत. लाकूड फोडायचं यंत्र हेलनकडे आहे. ती फोडेल, मी रचेन. आत्ता रचलं तर थंडीपर्यंत वाळेल. कोणतं कशावर बसतं ते मला येत नाही, पण शिकेन. तुम्ही गेल्या पत्रात विचारलंत, एप्रिल आला की सुभाष काय करायचा. त्याचं उत्तर हे.

तुमचा व्हिसा अजून चालतो, हे मी पीयूषला विचारलं. गुपचूप विचारलं, सभा भरवली. तुम्ही एप्रिलच्या शेवटी या, राखेचं काय ते दोघी मिळून करू. येताना मेतकूट आणा, यशश्रीच्या हातचं. लाकडं उचलायला लावणार नाही. तुमच्यासाठी एकच काम ठेवलं आहे, ते हेलनला येत नाही आणि मला जमणार नाही. खडू आणून ठेवलाय. रांगा रचून झाल्या की प्रत्येकीच्या तोंडाशी तुम्ही लिहायचं: २६-२७. तुमच्या आकड्यांत.

मी खिडकीतून बघेन.

तुमची
नीरा